पात्यातलं पाणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागलं की दीपनगरच्या चिमण्या लांबूनच दिसायला लागतात. वीजकेंद्राची वसाहत म्हणून हे गाव नकाशावर आलं. माझं लहानपण या चिमण्यांच्या सावलीत गेलं, पण क्वार्टरमध्ये नाही. क्वार्टरमध्ये राहायचे ते साहेब, फिटर, वेल्डर, ऑपरेटर. आम्ही फाटकाबाहेरचे. माझे वडील, म्हणजे अब्बा, सायकल घेऊन वसाहतीत फिरायचे. सायकल स्टँडवर उभी करायची, मागच्या चाकाचा पट्टा कुरुंदाच्या चाकावर चढवायचा आणि जागेवरच पॅडल मारत सुऱ्या, कात्र्या, अडकित्ते, विळ्या यांना धार लावून द्यायची. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. दोनशे दहा मेगावॅटच्या संचांचं काम जोरात चाललं होतं. नवी बिऱ्हाडं रोज येत होती आणि प्रत्येक बिऱ्हाडाबरोबर एक बोथट विळी येत होती.

आमची जात शिकलगार. या शब्दाचा अर्थ मला बी.ए. होईपर्यंत ठाऊक नव्हता. 'सैकल' हा अरबी शब्द. सैकल म्हणजे घासून लखलखीत करणं. सैकलगर म्हणजे ते करणारा. त्याचा मराठीत शिकलगार झाला. जुन्या काळी आरसे काचेचे नसत, धातूचे असत. ते मळायचे, गंजायचे, आणि सैकलगर ते घासून पुन्हा चेहरा दाखवण्याजोगे करायचा. सूफी कवींनी मनाच्या आरशाला सैकल करायच्या गोष्टी लिहिल्या, त्या याच कारागिराकडे बघून. हे सगळं मी पुस्तकात वाचलं आणि मोठ्या अभिमानाने मित्रांना सांगितलं. पण शाळेत होतो तेव्हा मधल्या सुट्टीत अब्बांची सायकल शाळेच्या फाटकाशी उभी दिसली की मी मागच्या भिंतीकडे निघून जायचो. हे मात्र कुणाला सांगितलं नव्हतं. आज सांगतो.

एक प्रसंग तेव्हापासून मनात रुतून बसला आहे. दसऱ्याच्या आधीचे दिवस होते. खंडेनवमीला आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी विळे-खुरपी मांडतो, कारखान्यात पाने-हातोडे मांडतात, आणि ज्यांच्या घरात जुनी तलवार आहे ते ती काढतात. रावेरकडच्या एका जुन्या घराण्याने अब्बांना तलवार साफ करायला बोलावलं. मला सोबत नेलं, कारण लिंबं पिळायला कुणीतरी हवं होतं. अब्बांनी दिवसभर ती तलवार घासली. आधी कुरुंदाची भुकटी, मग त्याहून बारीक भुकटी, मग राख. शेवटी लिंबाच्या रसात हिराकस कालवून चिंधीने पात्यावरून हलक्या हाताने फिरवलं. आणि मला म्हणाले, "इधर आ बेटा, पानी देख."

मी बघितलं नाही. मला भूक लागली होती, हात लिंबाने चरचरत होते, आणि त्या वाड्यातली माझ्या वयाची पोरं ओट्यावरून आमच्याकडे बघत होती. मी म्हटलं, "दिख गया." अब्बा काही बोलले नाहीत. पातं तिरपं धरून ते बराच वेळ एकटेच बघत बसले. घरी येताना सायकलवर एवढंच म्हणाले, "जौहर था उसमें."

जौहर म्हटलं की आपल्याला चितोड आठवतं. पण तलवारीचं जौहर वेगळं. उत्तम पोलादाच्या पात्यावर उजेडात धरल्यावर जी नक्षी दिसते तिला फारसीत आणि उर्दूत जौहर म्हणतात. उथळ पाणी वाळूवरून वाहून गेल्यावर मागे बारीक वळ्या उरतात ना, तापीच्या पात्रात उन्हाळ्यात दिसतात तशा, तशी ती नक्षी. माणसाच्या अंगच्या गुणालाही तोच शब्द. आणि पात्याच्या तेजाला 'आब', म्हणजे पाणीच. आबरू शब्दातला आब तो हाच, चेहऱ्यावरचं पाणी. मराठीत तरी वेगळं काय आहे? आपण माणसाला पाणीदार म्हणतो. लोहार पात्याला पाणी देतो. आणि आपल्या शेतकऱ्याचा शब्द तर मला सगळ्यांत आवडतो. तो विळा घेऊन लोहाराकडे जातो आणि म्हणतो, "एवढा पाजवून द्या." जणू विळा तहानलेला आहे.

हे जौहर असलेलं पोलाद आपल्याच दख्खनचं. तेलंगणात, निजामाबादच्या बाजूला कोनसमुद्रम नावाचं गाव आहे. तिथे मातीच्या लहान मुशींत लोखंड आणि लाकूडपाला घालून तोंड लिंपून टाकायचे, भट्टीत तासन्‌तास तापवायचे आणि सावकाश थंड करायचे. मूस फोडली की आत पोलादाचा छोटा गोळा. हे पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी त्या गावापर्यंत येत. इंग्रजांनी त्याला 'वूट्झ' म्हटलं. हा शब्द कानडीतल्या 'उक्कु'वरून आला असं मानतात. अरबी कवितेत तलवारीला 'मुहन्नद' असं एक नाव आहे, म्हणजे हिंदच्या पोलादाची. दमास्कसची तलवार म्हणून युरोपात जिची कीर्ती झाली, तिच्या उत्तम पात्यांच्या पोटी हेच पोलाद होतं.

दीपनगरच्या माणसाला यातली एक गोष्ट विशेष वाटायला हवी. या पोलादाचं कोडं सोडवायला लंडनमध्ये 1819 च्या सुमाराला एक तरुण बसला होता. जेम्स स्टोडार्ट नावाच्या सुऱ्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर त्याने दोन-तीन वर्षं प्रयोग केले. कोडं काही सुटलं नाही. पोलादात ॲल्युमिनाचा अंश आहे आणि गुण त्याचाच आहे, असा त्याचा समज झाला होता. तो चुकीचा निघाला. हा तरुण म्हणजे मायकेल फॅरडे, एका लोहाराचा मुलगा. पुढे 1831 मध्ये त्यानेच चुंबक आणि तारेच्या वेटोळ्यातून वीज निर्माण होते हे दाखवलं. आमच्या चिमण्यांखाली जे जनित्र फिरतं ते त्याच तत्त्वावर. म्हणजे दीपनगरची वीज ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याचं डोकं आधी दख्खनच्या पोलादावर तापलं होतं.

एकोणिसाव्या शतकात ही विद्या बुडाली. स्वस्त विलायती पोलाद आलं, जंगलावर निर्बंध आले, मागणी संपली. गेल्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत जॉन व्हरहोवेन नावाचे धातुशास्त्राचे प्राध्यापक आणि आल्फ्रेड पेंड्रे नावाचा एक लोहार यांनी मिळून ती पुष्कळ अंशी परत उभी केली. त्यांच्या मते नक्षीचं गुपित खनिजात आलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंच्या अगदी अल्प अंशात होतं. कारागिराच्या हातात कौशल्य होतं, पण त्या कौशल्याला साथ देणारी चिमूट जमिनीतून येत होती. खाण बदलली की नक्षी गेली, आणि का गेली ते कुणालाच कळलं नाही. 2006 मध्ये जर्मनीत ड्रेस्डेनच्या शास्त्रज्ञांना सतराव्या शतकातल्या अशा एका पात्यात कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या सापडल्या, तेव्हा वर्तमानपत्रांतून बराच गाजावाजा झाला होता. अब्बा तेव्हा हयात नव्हते.

आता माझ्या मित्राकडे वळतो. नाव सांगू नका म्हणाले आहेत, म्हणून नुसतं भाऊ म्हणतो. भाऊ जातीने लोहार, वीजकेंद्रात बॉयलरच्या नळ्यांचे वेल्डर होते. या कामाचा दर्जा बाहेरच्या माणसाला कळत नाही. बॉयलरमध्ये मैल न्‌ मैल नळ्या असतात. त्यांतला एक सांधा गळला तर अख्खा संच बंद करावा लागतो. भाऊंनी पस्तीस वर्षं सांधे जोडले. निवृत्त झाल्यावर फेकरीकडे घराच्या मागे पत्र्याची शेड टाकली, ऐरण रोवली, आणि सुऱ्या करायला लागले. आधी कमानपाट्याच्या साध्या. केळीच्या बागेतले लोक घड कापायला आणि पानं छाटायला त्यांच्याकडून न्यायचे, अजूनही नेतात. मग त्यांना थरांच्या पोलादाचा नाद लागला.

थरांचं पोलाद म्हणजे वूट्झ नव्हे, हा फरक सांगायला हवा, कारण बाजारात दोन्हींना दमास्कसच म्हणतात. वूट्झची नक्षी पोलादाच्या पोटातूनच उमटते. थरांच्या पोलादात ती कारागीर घडवतो. दोन जातींच्या पोलादाच्या पट्ट्या एकावर एक रचायच्या, भट्टीत पांढऱ्या-पिवळ्या रंगापर्यंत तापवायच्या, घणाखाली एकजीव करायच्या, लांबवायच्या, दुमडायच्या, पुन्हा एकजीव करायच्या. ही कलाही जुनीच. सातव्या शतकातली इंग्लंडच्या सटन हूची तलवार अशीच घडवलेली आहे. आपल्याकडे कडक आणि नरम लोखंडाच्या मेळाच्या तलवारीला 'सकेला' म्हणत. आजच्या सुरी करणाऱ्यांत तिचं पुनरुज्जीवन झालं ते 1973 मध्ये अमेरिकेतल्या विल्यम मोरान या लोहाराने आपल्या सुऱ्या प्रदर्शनात मांडल्या तेव्हापासून. पण माझ्या मते आपल्या खेड्यातला लोहार ही विद्या कधीच विसरला नव्हता. त्याला फक्त नक्षीची हौस नव्हती. जुनी कुऱ्हाड बघा. अंग साध्या लोखंडाचं, आणि धारेच्या जागी चीर पाडून त्यात पोलादाची पट्टी भरलेली. ही पट्टी वेल्डिंगच्या यंत्राने नाही, भट्टीतच जोडलेली असते. रस्त्याच्या कडेला पाल ठोकून बसलेल्या घिसाड्याकडे मी हे काम डोळ्यांनी बघितलं आहे. घरधनी सांडशीत लोखंड धरून बसलेला, आणि समोर उभी त्याची बायको दोन्ही हातांनी घण मारते आहे. अंगणात झोळीत पोर. ह्या बाईचा नेम चुकला असं मी कधी पाहिलं नाही. आपण मात्र तिची नोंद भटक्या जमातींच्या यादीतल्या एका ओळीत करून मोकळे झालो.

आणखी एक सावधगिरीची सूचना. हल्ली दुकानांत लाटालाटांची नक्षी असलेल्या स्वस्त सुऱ्या मिळतात. त्यांतल्या अनेकींची नक्षी वरवर छापलेली असते. पॉलिश पेपरने घासली की नक्षी गेली. खरी थरांची सुरी घासून गुळगुळीत केली तरी आम्लात बुडवली की नक्षी परत येते. कवितेलाही अशी काही परीक्षा असती तर संपादकांचं काम किती हलकं झालं असतं!

अब्बा गेल्यावर त्यांच्या सामानात कुरुंदाचं झिजलेलं चाक आणि त्यांची स्वतःची छुरी एवढंच माझ्याकडे आलं. ती छुरी बकरी ईदला निघायची. जनावराला त्रास होऊ नये म्हणून छुरी तेज हवी आणि जनावरासमोर तिला धार लावू नये, असा आमच्यात दंडक आहे. अब्बा तो फार पाळायचे. आदल्या रात्री मोहल्ल्यातल्या सगळ्या छुऱ्या आमच्याकडे यायच्या. दुसऱ्यांच्या छुऱ्यांना धार लावता लावता स्वतःची इतकी घासली, की शेवटी पातं करंगळीएवढं अरुंद झालं. मूठ तर कधीच गळाली होती. मी ती वीस वर्षं कपाटात ठेवली, आणि वीस वर्षं तिला गंज चढत राहिला.

एका संध्याकाळी मी ती भाऊंकडे नेली. म्हटलं, "हिची मूठ बसवून द्या." भाऊंनी चष्मा कपाळावर सरकवून पातं बघितलं. मुठीच्या बाजूला गंजाखाली बारीक तिरप्या रेघा होत्या. त्यांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "ही कानसीची केलेली हाय. कोन्या तरी लोहारानं जुनी कानस ठोकून केली." मग ग्राइंडरला हलकंच टेकवलं. ठिणग्या फुलबाजीसारख्या फुटल्या. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ जातात. कार्बन जास्त असला की त्या टोकाला झाडासारख्या फुटतात. भाऊ म्हणाले, "माल एक नंबर हाय. पन मूठ बसवून काय करता? कापायले पातंच राह्यलं नाही." थोडं थांबून म्हणाले, "थरात घालू का?"

मला पटकन हो म्हणता आलं नाही. ही एकच वस्तू होती. भट्टीत जोड बसला तर सुरी, नाही बसला तर भंगार. आणि जोड बसेलच असं भाऊसुद्धा सांगत नव्हते. ते म्हणाले, "आधी एक बिगर तुमच्या छुरीचं करून पाहू."

मे महिना होता. भुसावळचा मे तुम्हाला माहीत आहे. दुपारी ऐरणीला हात लागला तर भट्टीचं निमित्त लागत नाही. म्हणून पहाटेच सुरुवात करायची. मी फजरची नमाज पढून यायचो तोवर भाऊंची भट्टी पेटलेली असायची. पहाटेचं आणखी एक कारण होतं. तापलेल्या लोखंडाचा रंग अंधारातच खरा कळतो. उन्हात जो लाल दिसतो तो प्रत्यक्षात नारिंगी असतो. जुनी लोहारशाळा अंधारी का असायची ते मला तिथे कळलं. मी गरिबीमुळे समजत होतो.

कोळसा बाभळीचा. मी गमतीने म्हटलं, इथे मालगाड्या भरभरून कोळसा येतो, आणि तुम्ही विकत घेता? भाऊ म्हणाले, त्या कोळशात तिसरा हिस्सा राखच असते, कधी त्याहून जास्त. बॉयलरला चालते, जोडाला चालत नाही. एक कण सांध्यात अडकला की संपलं.

पट्ट्या दोन जातींच्या. एक ट्रकचा जुना कमानपाटा. दुसरी लाकडाच्या वखारीतल्या पट्टीकरवतीची. मोठ्या करवतीच्या पोलादात निकेल असतं, ते आम्लाला दाद देत नाही, चमकत राहतं. पाट्याचं पोलाद काळवंडतं. नक्षी दिसते ती या काळ्या-पांढऱ्यामुळे. पाट्याचे पाच तुकडे, करवतीचे चार, घासून अगदी स्वच्छ केलेले. एकावर एक रचून कडेला वेल्डिंगचे टिपके दिले. तापायला लागल्यावर वर टाकणखार पेरला. तो वितळून काचेसारखा पसरतो, हवा आत जाऊ देत नाही आणि चढलेली खपली वाहून नेतो.

भात्याच्या जागी आता विजेचा पंखा आहे, त्याचं बटण माझ्याकडे होतं. पहिले दोन जोड नीट बसले. तिसऱ्या वेळी भाऊ "बंद" म्हणाले आणि मी पंखा वाढवला. का, ते आजही सांगता येणार नाही. बहुधा आगीकडे बघत राहिलो. भट्टीतून ठिणग्या उडाल्या. पोलादातून ठिणग्या उडायला लागल्या की पोलाद जळायला लागलं. भाऊंनी बाहेर काढून घण मारला, आणि एका कोपऱ्याला कांद्यासारखा पापुद्रा सुटला. त्यांनी तो तुकडा पाण्याच्या बादलीशेजारी ठेवला, चहा मागवला, आणि माझ्यावर अजिबात रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या प्रयत्नाला महिना गेला. पाऊस पडून गेला होता. पंखा या वेळी भाऊंच्या पुतण्याकडे आणि मी नुसता उभा. पाट्याच्या पाचांपैकी मधल्या तुकड्याच्या जागी अब्बांची छुरी. भाऊंनी ती लाल करून ठोकून पट्टी केली, तेव्हा कानसीच्या रेघा एका क्षणात पुसल्या गेल्या. मी तोंड फिरवलं नाही. पहिला जोड. भाऊ आधी घण जोरात मारत नाहीत. हातोड्याने मधून कडेकडे हलक्या थापा देत जातात, म्हणजे वितळलेला टाकणखार बाहेर निघतो. आवाजावरून त्यांना कळतं. न बसलेला जोड फुटक्या मडक्यासारखा वाजतो. बसलेला भरीव वाजतो. मला दोन्ही सारखेच ऐकू आले, खोटं कशाला सांगू.

नऊ थर. मधोमध तोडून दुमडले, अठरा. मग छत्तीस, बहात्तर, एकशे चव्वेचाळीस. चहा पीत मी हिशेब केला. नवांतला एक थर अब्बांचा, म्हणजे एकशे चव्वेचाळीसांत सोळा. भाऊंना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, असा हिशेब होत नसतो. या उष्णतेला कार्बन एका जागी थांबत नाही. जिथे जास्त आहे तिथून कमी आहे तिथे सरकतो, आणि थर पातळ झाले की थोड्याच वेळात सगळीकडे सारखा होतो. निकेल जागेवर राहतं, म्हणून नक्षी राहते. कानसीतला कार्बन आता करवतीतही गेला आणि पाट्यातही. मी नंतर पुस्तकांत पाहिलं. ते बरोबरच सांगत होते.

मी कवी. मला लगेच काहीतरी सुचायला लागलं. घरातली बोली आणि लिहायची मराठी, दोन जातींचं पोलाद, वगैरे. "तुम्ही मुसलमान असून मराठीत कसं लिहिता?" हा प्रश्न मला तीस वर्षांत इतक्या वेळा आणि इतक्या प्रेमाने विचारला गेला आहे, की त्याचं एक छान उत्तर हाताशी असलं तर बरं, असं वाटतं. मी भाऊंना ते ऐकवलं. त्यांनी सांडशी खाली न ठेवता ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते काही मले समजत नाही. मधात घाण राह्यली तर पातं सुटते, एवढं समजते." ती कविता मी लिहिली नाही.

पात्याला पाणी देणं हा सगळ्यांत धोक्याचा टप्पा. नाव पाणी, पण दिलं तेलात. अशा पात्याला पाण्याचा धक्का सोसत नाही; टिण् असा बारीक आवाज येतो आणि केसाएवढी चीर जाते. तापवताना भाऊ लोहचुंबक जवळ ठेवतात. साधारण पावणेआठशे अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला चिकटायचं थांबतं. ते थांबलं, की आणखी जरासं तापवून कोमट शेंगदाणा तेलात. धूर, तळणाचा वास, आणि सगळे श्वास रोखून कान लावून उभे. टिण् आलं नाही. या अवस्थेत पातं काचेसारखं ठिसूळ असतं, पडलं तर तुटेल. म्हणून ते घासून वहिनींच्या नानकटाईच्या ओव्हनमध्ये दोनशे अंशांवर दोन तास ठेवलं. बाहेर आलं तेव्हा गव्हाळ रंग चढला होता. ओव्हनला तेलाचा वास लागला म्हणून वहिनी आम्हा दोघांशी आठवडाभर बोलल्या नाहीत.

शेवटी घासकाम. ते मी केलं. दुसऱ्या कुणाला करू दिलं नाही. अब्बांच्या कुरुंदाच्या चाकाचा भुगा झाला असता, म्हणून पॉलिश पेपरवर. शंभर नंबरपासून हजारपर्यंत, तीन संध्याकाळी. बोटांची टोकं सोलली गेली. हे काम मला येतं हे मला माहीत नव्हतं. पातं कुठल्या कोनात धरायचं, दाब कुठे कमी करायचा, हे हाताला ठाऊक होतं. मी कधी शिकलो नाही, पण रोज बघत मात्र असणार. मागच्या भिंतीकडे निघून जायच्या आधी.

मग फेरिक क्लोराइड. रेडिओ दुरुस्तीवाले सर्किटच्या पाट्या करायला वापरतात ते. पातं दहा मिनिटं बुडवून काढलं, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुतलं. भाऊंनी ते माझ्या हातात दिलं नाही, ऐरणीवर ठेवलं. आपल्याकडे सुरी हातात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. मी उचलली. शेडच्या दाराशी जाऊन उजेडात तिरपी धरली.

नक्षी दिसली. तलवारीवरची नसेल तशी. वूट्झ नव्हे हे. पण काळ्या-पांढऱ्या रेषा होत्या, मुठीजवळ दाट, टोकाकडे मोकळ्या होत गेलेल्या, एका ठिकाणी भोवऱ्यासारख्या. मी किती वेळ उभा होतो ते माहीत नाही. मागून भाऊंचा पुतण्या म्हणाला, "काका, मले पाहू द्या ना."

आता जरा व्यवहाराचं. पातं सहा इंच. भाऊ मुद्दाम मोजतात. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं असेल, आणि ते घरगुती, शेतीच्या वा कारखान्याच्या कामाचं नसेल, तर शस्त्रांच्या नियमांत येतं. माझी सुरी सरळसरळ स्वयंपाकघरातली. तरी भुसावळच्या बसमध्ये ती वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत तळाला ठेवून नेताना माझा हात पिशवीवरून हलला नाही. शेजारच्या माणसाने सहज विचारलं, पिशवीत काय? मी म्हटलं, डबा. अब्बा तीस-तीस सुऱ्या हँडलला लटकावून दीपनगरच्या फाटकातून जायचे, आणि फाटकावरचा शिपाई म्हणायचा, "चाचा, जाताना माझ्या घरची विळी घेऊन जा."

घरी आमच्या मंडळींनी सुरी उलटीसुलटी करून पाहिली आणि विचारलं, कांदा कापते का? कापला. भरताची वांगी चिरायची नसतात, भाजायची असतात, म्हणून त्यांवर प्रयोग झाला नाही. पण टोमॅटोवर ठेवली तर स्वतःच्या वजनाने आत गेली. मंडळी अजून विळीवरच बसतात. सुरी मी वापरतो, सकाळी, फळं कापायला.

मूठ बाभळीची आहे. मी पैसे विचारले तेव्हा भाऊंनी एक रुपया मागितला, सुरी फुकट घेऊ नये म्हणून. मी दिला. तो त्यांनी ऐरणीखालच्या फटीत टाकला. निघताना म्हणाले, "कविराज, वापरून झाली की पुसून तेलाचा हात फिरवत जा. आपल्याकडचा पावसाळा आहे, चार दिवसांत गंज धरते."